जोडलेली वीज आणि तिची राखण

बंगळूर शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचे जुने गाव आहे. विस्तीर्ण तळ्याच्या पाण्यावर शेती पिकविणारे हे गाव एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाहता पाहता काचेच्या उंच इमारतींनी वेढले गेले. या इमारतींत संगणकांसाठी आज्ञावली लिहिल्या जातात, आणि त्या लिहिणाऱ्यांत मराठी मंडळीही आहेत. सायंकाळी तेथे दिवे लागतात, तेव्हा त्यांची नाडी आणि सोलापुरातील एखाद्या घरच्या दिव्याची नाडी एकच असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. दोन्हीकडे विजेची आवर्तने सेकंदाला सुमारे पन्नास. ती एकीकडे ढळली की दुसरीकडेही ढळतात. हे ऐक्य कसे साधले आणि त्याच्या पोटी कोणते नवे भय जन्मास आले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्रि अय्यर यांच्या कारकीर्दीत कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज निर्माण करण्याची योजना आकारास आली. जून १९०२ मध्ये तेथील वीज सुमारे ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. ऑगस्ट १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते त्याच विजेने उजळले. महाराष्ट्रात लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरवून टाटांनी वीज काढली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्या काळी विजेचे शत्रू डोळ्यांना दिसत. वादळ, तारेवर पडलेली फांदी, आकाशातून कोसळलेली वीज, हेच ते शत्रू. जागरूक पहारेकरी आणि कुशल तंत्रज्ञ असले, की त्यांच्याशी सामना देता येई.

स्वातंत्र्यानंतर या विखुरलेल्या दीपमाळा एका सूत्रात ओवण्याचे कार्य सुरू झाले. देशाचे पाच विद्युत् विभाग पाडण्यात आले. १९९१ मध्ये ईशान्य आणि पूर्व, २००३ मध्ये पश्चिम आणि २००६ मध्ये उत्तर, असे विभाग क्रमाने एक झाले. दक्षिण मात्र वेगळी राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी एकदिश प्रवाहाच्या सांध्यातून दक्षिणेस वीज जाई. पण या सांध्यातून एका बाजूची डळमळ दुसऱ्या बाजूस जात नसे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील जाळे दोनदा कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही अंधारात बुडाले आणि सुमारे साठ कोटी लोकांना त्याची झळ बसली. दक्षिण तेवढी अबाधित होती. तरीही ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित देशाशी एकजीव झाला. तो निर्णय योग्यच होता. कारण एकाच्या तुटवड्यास दुसऱ्याची विपुलता कामी येते. परंतु जो सोयरा होतो, तो सुखाचा तसा दुःखाचाही वाटेकरी होतो.

एवढे मोठे जाळे केवळ दूरध्वनीवरील निरोपांनी चालणे शक्य नव्हते. बंगळूर, मुंबई आणि अन्यत्र स्थापन झालेल्या भार प्रेषण केंद्रांत क्षणाक्षणाची मोजमापे संगणकांवर उमटू लागली. दूरच्या उपकेंद्रातील खटका बसल्या जागेवरून उघडता-मिटता येऊ लागला. मात्र जो दरवाजा मालकाला दुरून उघडता येतो, तो चोरालाही दुरून उघडता येण्याचा संभव असतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हे प्रत्यक्ष घडले. ई-मेलमधून आलेल्या फसव्या संदेशांच्या वाटेने हल्लेखोर महिनोन्महिने आधीच आत शिरून बसले होते. त्या दिवशी त्यांनी तीन वीज कंपन्यांच्या उपकेंद्रांतील खटके उघडले. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरील बाण आपोआप हलत होता. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तथापि, काही तासांतच वीज परत आली. कारण माणसे उपकेंद्रांवर धावली आणि त्यांनी हाताने खटके लावले.

भारतालाही या भयाची चाहूल लागली. २०१९ मध्ये तमिळनाडूतील कुडनकुळम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय कामकाजाच्या एका संगणकात घातक आज्ञावली आढळली. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा मात्र त्यापासून अलग असल्याने सुरक्षित राहिली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारली. लोकल गाड्या थांबल्या, आणि महामारीच्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. संकटसमयी मुंबईला बाहेरील जाळ्यापासून तोडून बेटासारखे स्वतंत्र ठेवण्याची योजना होती; त्या दिवशी ती अपुरी पडली. पुढे १९ नोव्हेंबर २०२० रोजी भार प्रेषण केंद्रांतील काही संगणकांविषयी धोक्याची सूचना सरकारी यंत्रणेने दिली. २०२१ च्या आरंभी एका परदेशी संस्थेने चीनशी संबंधित टोळीने भारतीय विद्युत् यंत्रणेत शिरकाव केल्याचे प्रसिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने मुंबईच्या अंधारामागे घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र तो मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. हा मतभेद लक्षणीय आहे. पडलेले झाड सर्वांना दिसते. अदृश्य घुसखोराचा माग काढणे कठीण, आणि तो नव्हताच असे सिद्ध करणे त्याहून कठीण.

२०२१ च्या ऑक्टोबरात केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने सुरक्षिततेचे नियम घालून दिले. नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवावी, उपकरणे विश्वसनीय ठिकाणाहूनच घ्यावीत, आणि प्रत्येक संस्थेने या कामासाठी जबाबदार अधिकारी नेमावा, असा त्यांचा आशय आहे. नियम उत्तम आहेत. त्यांचे मोल पाळणाऱ्याच्या दक्षतेवर ठरते.

एका शतकाचा हा प्रवास एकच गोष्ट सांगतो. जोडणे ही मोठी विद्या आहे, पण वेळ येताच अलग होता येणे आणि यंत्र फितूर झाल्यास हाताने काम चालविता येणे, ही तिच्याइतकीच मोठी विद्या आहे. युक्रेनमध्ये वीज परत आणली ती खटक्यावरच्या हाताने. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी दिवे लागतात तेव्हा अशा हातांची कोणाला आठवण होत नाही. आणि तसेच असावे, कारण वीज राखणाऱ्याचे यश त्याची आठवण न होण्यातच असते. मात्र त्या हातांची सवय मोडू देणे देशाला परवडणारे नाही.