कहवा, जागरण आणि आपले हृदय



परीक्षा जवळ आली की आपल्या शहाद्यात घरोघरी रात्री चहाचे पातेले पुन्हा पुन्हा चढते. "आणखी एक कप घे, पण जागा राहा," असे आपणच मुलांना सांगतो. या सवयीचा इतिहास बोधप्रद आहे.

पंधराव्या शतकात येमेनमधील सुफी रात्रीच्या जिक्रच्या वेळी डोळा लागू नये म्हणून कहवा, म्हणजे कॉफी, पीत असत. तेथून कहवा मक्केत पोहोचला. १५११ साली तेथील अधिकारी खैर बेग याने त्यावर बंदी घातली. कहवाही दारूप्रमाणे बुद्धी बिघडवतो काय, असा वाद झाला व वैद्यांच्या साक्षीही झाल्या. बंदी फार काळ टिकली नाही. पुढे बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे.

कहव्यातील गुणकारी द्रव्य, कॅफीन, १८१९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने वेगळे केले. चहातही तेच असते. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठते; तेच 'आता विश्रांती घे' असा निरोप देते. हृदयाची गतीही तेच मंद करते. कॅफीन या द्रव्याची जागा अडवून बसते. म्हणून एकाच वेळी झोप उडते आणि, विशेषतः सवय नसलेल्याची, छाती धडधडते व रक्तदाब थोडा वाढतो. थकवा मात्र जात नाही. फक्त त्याचा निरोप अडतो.

प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात उरते. रात्री दहाचा चहा पहाटे तीनपर्यंत आपले काम करीत राहतो. वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेतच! मग असे जागरण काय कामाचे?

निरोगी प्रौढाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा बाधत नाही. मुलांचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी. बाजारातील कॅफीनयुक्त पेयांच्या डब्यावर ती मुलांसाठी नाहीत असे छापलेले असते, ते पालकांनी अवश्य वाचावे.

चहा जरूर प्या, पण दिवसा. मक्केतील त्या वादाचे उत्तर आज एवढेच देता येईल की, कहवा दारू नव्हे, पण तो झोपेची जागाही घेऊ शकत नाही. तेव्हा पालकहो, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला चहाचा कप देण्याऐवजी दिवा मालवून द्या.