समासातली रेघ

'पॅराग्राफ' हे मुळात मजकुराचे नाव नव्हतेच. ते मजकुराशेजारच्या एका रेघेचे नाव होते. ग्रीकमध्ये 'पॅरा' म्हणजे शेजारी आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. पपायरसच्या गुंडाळ्यांवर शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत. नाटकात बोलणारे पात्र बदलले की लेखनिक डाव्या कडेला, ओळीच्या सुरुवातीखाली, एक लहानशी आडवी रेघ ओढी. आता कोण बोलते आहे, हे बहुधा वाचणाऱ्यानेच ओळखायचे. ॲरिस्टॉटलचा या रेघेवर भरवसा नव्हता. वाक्य संपले हे लेखनिकाच्या खुणेवरून नव्हे, तर वाक्याच्या लयीवरून कळले पाहिजे, असे त्याने 'ऱ्हेटरिक'मध्ये सांगितले आहे.

मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांत रेघेच्या जागी रंगीत, बहुधा तांबडी, खूण आली. 'कापितुलुम', म्हणजे प्रकरण, या शब्दाच्या आद्याक्षरातून ती घडली. छापखाने सुरू झाल्यावरही ती हाताने रंगवता यावी म्हणून जागा कोरी सोडत. पुढे रंगवणारे पुरेनात आणि जागा तशीच राहू लागली. आज पहिली ओळ आपण आत सरकवतो, तिचे मूळ या कोऱ्या जागेत सांगतात.

एवढ्या काळात परिच्छेद आतून कसा असावा याचा नियम असा कोणी घालून दिला नव्हता. ते काम स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या अलेक्झांडर बेनने केले. हा विणकराचा मुलगा. अकराव्या वर्षी शाळा सुटली, मागावर बसला, रात्री शिकला आणि पुढे विद्यापीठात तर्कशास्त्र व इंग्रजी या दोन्ही विषयांचा प्राध्यापक झाला. एका कल्पनेमागून दुसरी मनात कशी येते, हा त्याच्या मानसशास्त्राचा विषय होता. परिच्छेदाकडेही त्याने त्याच नजरेने पाहिले. 1866 साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने परिच्छेदाचे सहा नियम दिले. त्यांतला एक असा की, पहिल्या वाक्याने विषय ठळकपणे सांगावा. मात्र ते वाक्य उघडपणे प्रस्तावनेचे असेल तर ही अट नाही, अशी मोकळीक त्याने त्याच नियमात ठेवली होती.

शाळांनी नियम उचलला, मोकळीक गाळली. आज ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या आणि इतिहासाच्या वर्गांत मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण असा साचा शिकवतात. ऑस्ट्रेलियात शेवटी मुख्य मुद्द्याशी दुवा जोडायला सांगतात. 1974 मध्ये रिचर्ड ब्रॅडक या अमेरिकन अभ्यासकाने नामांकित मासिकांतले निबंध तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम 13 टक्के निघाले. तरीही नवशिक्याला साचा द्यावा, असेच माझे मत आहे. कोऱ्या पानापुढे बसलेल्या मुलाला धरायला काहीतरी लागतेच. अडते ते तिसऱ्या, म्हणजे स्पष्टीकरणाच्या, पायरीवर. तिथे बहुतेक मुले पुराव्यातलेच शब्द फिरवून पुन्हा लिहितात.

आपला 'परिच्छेद' शब्द इथे कामी येतो. मोडीतल्या जुन्या कागदांत शब्दसुद्धा न तोडता सलग लिहीत, पण 'परिच्छेद' हा शब्द संस्कृतात जुनाच. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथाचे दहा भाग परिच्छेदच आहेत. सगळ्या बाजूंनी छेदणे, हद्द आखणे आणि त्यावरून नेमका निश्चय करणे, असा त्याचा अर्थ. स्पष्टीकरणाच्या पायरीवर हेच करायचे असते: हा पुरावा कुठपर्यंत पुरतो आणि कुठे थांबतो, ते ठरवायचे.

उदाहरणार्थ, पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह घ्या. 'कलम 231 ने जर्मनीला दोषी ठरवले, म्हणून जर्मन चिडले' असे मुले लिहितात. कलम उघडून पाहिले तर त्यात 'दोष' हा शब्दच नाही. युद्धातल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकून भरपाईला कायद्याचा आधार देणारे ते कलम आहे. जर्मनीत मात्र ते 'युद्धदोषाचे कलम' म्हणूनच ओळखले गेले. मग चीड कलमाच्या मजकुराने आली, की ते ज्या अर्थाने वाचले गेले त्याने? आणि तो अर्थ जर्मनीत कोणाच्या सोयीचा होता? हे प्रश्न वहीत उतरले की तिसरे वाक्य पुराव्याची नक्कल राहत नाही.