फलनांची काटकसर

प्रोलॉग ही संगणकभाषा १९७२च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय शहरात जन्मली. अलँ कोल्मेरोर आणि फिलिप रूसेल हे तिचे कर्ते. तिच्यामागची तर्काची बैठक एडिंबरातल्या रॉबर्ट कोवाल्स्कींची. कामाच्या पायऱ्या सांगत बसायचे नाही. तथ्ये आणि नियम द्यायचे, उत्तर संगणकाने शोधायचे.

या भाषेत दोन याद्या जोडणारा नियम उलटाही चालतो. क्ष आणि य दिल्या तर जोडयादी ज मिळते. ज दिली तर तिचे जितक्या प्रकारे दोन भाग पडतील तितके सगळे मिळतात. लिहिणाऱ्याची सोय झाली, कंपायलरची मात्र पंचाईत. कोणते चल कधी ‘ग्राउंड’, म्हणजे पुरते ज्ञात असेल, हे माहीत नसल्यामुळे त्याला सगळ्याच शक्यतांची तयारी ठेवावी लागे.

ही माहिती आधीच मिळवायला हवी होती. प्रोग्राम न चालवता त्याच्याविषयी खात्रीने काही सांगण्याची शिस्तशीर रीत पॅट्रिक आणि राधिया कूझो यांनी १९७७ मध्ये मांडली होती. ऐंशीच्या दशकाअखेर किम मॅरियट आणि हाराल्ड सॉन्डरगार्ड यांनी तिला बूलियन, म्हणजे हो-नाही अशी दोनच मूल्ये घेणाऱ्या, फलनांची जोड दिली. प्रत्येक चलाबद्दल एकच प्रश्न: ग्राउंड आहे की नाही? मग याद्यांचा तो अख्खा नियम एका वाक्यात मावतो: क्ष आणि य दोन्ही ग्राउंड असतील तेव्हाच ज ग्राउंड.

अडचण साठवणुकीची होती. तीन चलांची फलने २५६ होतात. पाच चलांची ४,२९,४९,६७,२९६. शिवाय हे विश्लेषण उत्तर बदलायचे थांबेपर्यंत फेऱ्या घेते, त्यामुळे ‘आधीचे आणि आताचे फलन एकच का?’ हे पुन्हापुन्हा तपासावे लागते. वेगवेगळ्या दिसणाऱ्या दोन सूत्रांबाबत ते ठरवणे महागात पडते.

इथे इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या अभ्यासकांचे साधन कामी आले. एकेका चलाबद्दल हो-नाही विचारत फलन दाखवणाऱ्या निर्णय-आकृत्या सी. वाय. ली यांनी १९५९ मध्येच सुचवल्या होत्या. रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये चलांचा क्रम पक्का केला, सारखे भाग एकत्र केले आणि प्रत्येक फलनाला एकच आकृती उरली. तुलना सोपी झाली. मात्र क्रम चुकला की आकृती फुगते: चलांच्या आठ जोड्यांच्या एका फलनाला चांगल्या क्रमात आकृतीतल्या १८ गाठी पुरतात, वाईट क्रमात ५१२ लागतात.

मग मेलबर्नशी जोडलेल्या संशोधकांनी निरनिराळ्या मांडण्यांची शर्यतच लावली. आर्मस्ट्राँग, मॅरियट, शाख्टे आणि सॉन्डरगार्ड यांच्या १९९८च्या निबंधात ब्रायंटच्या आकृत्यांशेजारी आर्ची ब्लेक यांचे १९३७च्या प्रबंधातले प्रमाणरूपही तपासलेले दिसते.

पुढे ब्रिटनमधल्या जेकब हाउ आणि अँडी किंग यांनी एकमेव रूपाचा आग्रहच सोडला. जी क्रिया सर्वांत जास्त वेळा लागते ती सर्वांत स्वस्त हवी, या हिशेबाने त्यांनी ‘डेफ’ नावाच्या मर्यादित फलनवर्गासाठी नवी मांडणी रचली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे हे विश्लेषक प्रोलॉगमध्येच लिहिलेले होते.