दंतबंधकांचा टिकाऊपणा

किडलेल्या दातात भरलेले दातरंगी काँपोझिट, चिकटवलेली कॅप किंवा ब्रॅकेट दातावर किती काळ धरून राहते, ते ठरवणारा गुणधर्म. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये फॉस्फोरिक आम्लाने दातावरचे कवच खडबडीत करून अ‍ॅक्रिलिक चिकटवले. आधुनिक दंतबंधनाची सुरुवात तिथून झाली.

दंतवल्क म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. आम्ल लावून, धुऊन, वाळवले की ते खडूसारखे पांढरे दिसते. त्याच्या सूक्ष्म खाचांत बंधकातली राळ (रेझिन) शिरून घट्ट बसते, म्हणून इथली पकड वर्षानुवर्षे टिकते. खरी अडचण आतल्या दंतिनाची. ते ओलसर असते आणि त्यात कोलॅजनचे तंतू असतात. नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये दाखवलेला राळ-कोलॅजनचा संकरित थर हाच इथला आधार. पण पाण्याने राळ हळूहळू विघटित होते आणि दातातलीच विकरे उघडे राहिलेले तंतू कुरतडतात. बंध बहुधा इथेच हरतो.

त्यामुळे बाटलीवरच्या नावापेक्षा हाताची शिस्त मोलाची: लाळ दूर ठेवणारा रबर डॅम, बंधक चोळून लावणे, द्रावक हवेने पूर्ण उडवणे, राळ कडक होण्यासाठी पुरेसा प्रकाश. दमट हवेत फ्रीजमधली बाटली लगेच उघडल्यास तिच्यात बाष्प साचते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. अ‍ॅसिटोनयुक्त बंधकाचे झाकण थेंब काढताच लावावे.