अपग्रेडनंतर डेस्कटॉपवरील आयकॉन विस्कटले तर...

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे परिचित आहे. अशा गावांतही आता सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे अर्ज ही कामे संगणकावरच होतात. रोज त्याच संगणकावर बसणाऱ्याला कोणता आयकॉन कोठे आहे हे शोधावे लागत नाही. हात सवयीने तेथे जातो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर नेमकी हीच सवय मोडते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चे नियमित साहाय्य थांबविले आणि अनेकांनी 'विंडोज ११'चा मार्ग धरला. अपग्रेडनंतर कधी सर्व आयकॉन डावीकडे रांगेत गोळा होतात, कधी मोठे दिसू लागतात, तर कधी पडदा रिकामाच असतो. फायली गेल्या असे समजून काही जण घाईने संगणक 'फॉरमॅट' करून घेतात. खरे नुकसान होते ते त्या वेळी.

असे का होते?

आयकॉनची जागा आणि मूळ फाईल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. फाईल डिस्कवर असते. तिच्या आयकॉनची जागा विंडोज आपल्या 'रजिस्ट्री'त नोंदवून ठेवते. अपग्रेडच्या वेळी योग्य डिस्प्ले ड्रायव्हर न मिळाल्यास विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. त्यामुळे पडद्याचे रेझोल्युशन कमी होते, जुन्या जागा पडद्यावर मावत नाहीत आणि आयकॉन सरकतात.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

१. आयकॉन अजिबात दिसत नसल्यास डेस्कटॉपवरील मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'व्ह्यू'मधील 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' निवडलेले आहे का, ते पाहावे.

२. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टीम' व 'डिस्प्ले' येथे जाऊन रेझोल्युशन आणि 'स्केल' यांपुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेला पर्याय निवडावा. तो मिळत नसल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' हे नाव दिसते का, ते तपासावे. दिसल्यास संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा. हे आधी करावे, अन्यथा मांडलेले आयकॉन पुन्हा विस्कटतात.

३. 'व्ह्यू'मधील 'ऑटो अरेंज आयकॉन्स'ची खूण काढावी. ती असेपर्यंत आयकॉन हव्या त्या जागी राहत नाही. 'अलाइन आयकॉन्स टू ग्रिड' मात्र ठेवल्यास रांगा सरळ राहतात. आकार बदलण्यासाठी कंट्रोलची कळ दाबून माऊसचे चाक फिरवावे.

४. काही आयकॉन मिळतच नसल्यास 'वनड्राइव्ह'च्या फोल्डरमधील 'डेस्कटॉप' उघडून पाहावा. बॅकअपची सोय सुरू झाल्यास डेस्कटॉपवरील फायली तेथे हलविल्या जातात.

५. मांडणी पूर्ण झाल्यावर संगणक एकदा रीतसर 'रीस्टार्ट' करावा. नव्या जागांची नोंद बहुधा संगणक बंद होताना पक्की होते. मध्येच वीज गेल्यास मेहनत वाया जाऊ शकते.

डिलीट करण्यापूर्वी

आयकॉनच्या कोपऱ्यात लहान बाण असेल, तर तो केवळ शॉर्टकट असतो. तो काढल्याने मूळ प्रोग्रॅम वा फाईल जात नाही. बाण नसल्यास बहुधा ती प्रत्यक्ष फाईल किंवा फोल्डर असते. अपवाद 'धिस पीसी' व 'रीसायकल बिन' यांसारख्या विंडोजच्या स्वतःच्या आयकॉनचा. गर्दी कमी करण्याच्या नादात हा फरक विसरू नये. अपग्रेड पसंत न पडल्यास साधारण १० दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परतता येते. तोवर 'विंडोज ओल्ड' हे फोल्डर काढू नये.

पुढील अपग्रेडपूर्वी डेस्कटॉपचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन ठेवावे आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर काढावी. मांडणी जपून ठेवणारे 'डेस्कटॉप ओके' नावाचे मोफत सॉफ्टवेअरही उपलब्ध आहे. विस्कटलेली मांडणी पुन्हा लावता येते. फॉरमॅटमध्ये गेलेली फाईल परत मिळेलच, याची खात्री नसते.