हुक, पाइप आणि वायर

घर बांधताना काही निर्णय नंतर बदलता येतात. रंग बदलता येतो, पडदे बदलता येतात, अगदी हट्टच धरला तर फरशीही उखडता येते. पण स्लॅब पडायच्या आधी, सळया बांधून झालेल्या असताना "पंख्याचा हुक कुठं घेऊ?" असं वायरमन विचारतो, तेव्हा दिलेलं उत्तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं डोक्यावर राहतं. भिंतीतल्या पाइपांचंही तसंच. प्लास्टर झालं की विषय संपला.

अंबाजोगाईला घराचं काम चालू आहे हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. त्यामुळे गेले दोन महिने माझ्या डोक्यात पंखे आणि नेटची वायर, एवढंच आहे. दुकानदारांकडून माहितीपत्रकं आणली, खूप वाचलं. आणि वाचता वाचता भलतीकडेच गेलो. मुळात आपल्या भागातल्या घरात ह्या दोन गोष्टी आल्या कशा? तर आज त्याबद्दल.

सुरुवात पंख्यापासून. खरं म्हणजे बीड जिल्ह्यातल्या जुन्या घराला पंखा लागतच नव्हता. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे आपलं माळवद. मेच्या दुपारी बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत सारवलेल्या जमिनीवर नुसतं पडलं तरी झोप लागायची. मातीचा तो जाड थर ऊन आत यायलाच इतका वेळ लावायचा की तोवर संध्याकाळ व्हायची. रात्री सगळे वर माळवदावर झोपायला. हाच आपला पंखा.

छताला टांगलेला पंखा होता, पण तो साहेबाच्या आणि सरदाराच्या घरी. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. अशा छावण्यांमधल्या बंगल्यांत छताला कापडाची लांब झालर असलेली चौकट टांगायची, तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढायची आणि व्हरांड्यात बसलेल्या माणसाने ती रात्रभर ओढत राहायचं, ही त्या काळची सर्रास पद्धत. दोरी ओढता ओढता त्या माणसाचा डोळा लागला की साहेबाची लाथ. अशा मारहाणीत पंखेवाले मेल्याची आणि साहेब किरकोळ दंडावर सुटल्याची प्रकरणं इंग्रजी अमलातल्या कोर्टांत आलेली आहेत. आत झोपलेल्याला वारा, बाहेर बसलेल्याला जागरण. मधे फक्त भिंत आणि एक दोरी.

ही दोरी ओढायचं काम विजेने घेतलं ते अमेरिकेत. १८८० च्या दशकात फिलिप डील नावाच्या माणसाने शिवणयंत्रासाठी केलेली मोटर छताला टांगली आणि तिला पाती लावली. आपल्याकडे पंख्यांचा धंदा बराच काळ कोलकात्याकडे राहिला. ओरिएंट, खेतान, पोलर ही नावं मूळ तिकडचीच.

पण पंख्याला वीज हवी, आणि आपल्याकडे ती उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं. मग १९७१ मध्ये परळीला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, ३० मेगावॅटचा. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे होती, म्हणून कोळसा आणायची सोय होती. पुढे १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे संच आले. चिमण्यांचा धूर लांबून दिसायचा. आमच्या पिढीला "आपल्या जिल्ह्यात वीज तयार होते" ह्याचा फार अभिमान.

आणि तरीही लोडशेडिंग आपल्याच नशिबी! २००५ च्या आसपासचे दिवस आठवा. खेड्यांत दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. परळीची वीज तारांवरून भलतीकडे जायची आणि परळीच्या शेजारच्या गावात बाया-माणसं पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे संचच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रं होती, पण गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचा इतिहास लिहायला घ्या, शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो.

आता मला सापडलेली खरी गोष्ट. पंखा घरोघरी आला तो नुसत्या विजेमुळे नव्हे, स्लॅबमुळे. आणि स्लॅबला आपल्याकडे जोर आला त्यामागे मोठं कारण होतं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं झोपेत गेली. हजारो माणसं मेली. धक्क्याने जितकी मेली त्याहून जास्त त्या जाड दगडी भिंतींखाली आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याखाली मेली. अंबाजोगाई तिथून काही फार लांब नाही. त्यानंतर कितीतरी महिने आमच्या गल्लीतले लोक अंगणात झोपत होते. ज्या माळवदाने पिढ्यान् पिढ्या गारवा दिला, त्याचीच भीती बसली. मग ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला, नाही जमलं त्याने पत्रे.

स्लॅब जिवाला सुरक्षित, पण दिवसभर तापतो आणि रात्री सगळी धग खाली सोडतो. पत्र्याचं तर बोलूच नका. म्हणजे पंखा ही चैन राहिली नाही, गरज झाली. आमच्या अण्णांनी स्लॅब टाकला त्याच वर्षी पहिला पंखा आणला. तपकिरी रंगाचा, जड, आणि त्याचा तो काळा चौकोनी रेग्युलेटर, जो चहाच्या कपासारखा गरम व्हायचा. (पंखा हळू केला म्हणजे वीज वाचते असं आम्ही समजायचो. ती त्या डब्यात उष्णता होऊन जात होती!)

आता वायरीकडे.

विजेच्या वायरीनंतर घरात आलेली पहिली वायर टेलिफोनची. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था सुरू झाली, तिने आपल्या हवेत, धुळीत आणि उकाड्यात वातानुकूलित खोलीशिवाय चालतील अशी छोटी एक्स्चेंज बनवली आणि मग तालुक्याच्या गावांतून पिवळे एसटीडी बूथ दिसायला लागले. घरचा फोन त्यानंतर. त्याची वायर खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत आली. मग टीव्हीच्या अँटेनाची. मग केबलवाल्याची. मग २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, ते मात्र त्याच टेलिफोनच्या वायरीवरून आलं. सरकारी व्याख्येप्रमाणे तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड! आमच्या जुन्या घराच्या एका खिडकीला अशी चार भोकं आहेत. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या जाडीची.

टेलिफोनची वायर आणि आजची नेटची वायर ह्यांचं नातं चुलत नव्हे, सख्खं आहे. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की शेजारच्या तारेचा आवाज त्यांच्यात कमी घुसतो, ही युक्ती ग्रॅहम बेलची, १८८१ ची. इथरनेट जन्मलं १९७३ मध्ये, झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत, पण ते चालायचं जाडजूड कोएक्सियल केबलवर. १९९० मध्ये त्याला पिळलेल्या तारांवर चालायची मान्यता मिळाली आणि १९९९ मध्ये चार जोड्यांवरून सेकंदाला एक गिगाबिट न्यायची. आज आपण दुकानात मागतो ती कॅट सिक्स म्हणजे ह्याच पिळाची सुधारलेली आवृत्ती. वेग १८८१ च्या स्वप्नातही नव्हता, पण पिळ तोच.

मग घरात वाद झाला. वायरमन म्हणाला, "समदं मोबाइलवर दिसायलंय की दादा, मग भिंतीत वायर कशाला?" अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "वायर घाल, पण वापरणार कोण? तुम्ही तर पुण्यात."

वायरमनला उत्तर देणं सोपं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाइलवर नेट आलं हे खरं, पण विटेच्या जाड भिंती आणि सळयांचा स्लॅब ह्यातून वायफाय दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत दमतं. माडीवर राउटर न्यायचा तर वायरच हवी. अण्णांना काय उत्तर देणार?

बीड जिल्ह्यातला माणूस घर बांधतो ते राहायला की परत यायला, हा जुनाच प्रश्न आहे. ऊस तोडायला दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, चार-सहा महिने दाराला कुलूप. शिकलेली मुलं पुण्याला जातात, तिथलं कुलूप जास्त दिवसांचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मात्र सगळे एकदम परत आले. लॅपटॉप घेऊन आलेल्यांनी गच्चीवर, झाडाखाली, जिथे रेंज मिळेल तिथे बसून नोकऱ्या केल्या. मुलांच्या शाळा एका मोबाइलवर पाळीपाळीने. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पुणं सोडून इथे राहता येईल, फक्त वायर हवी. बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. तारेने ती वाट आधीच पार केली होती.

तर शेवटी काय ठरलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

पंखे बीएलडीसी मोटरचे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० च्या आत-बाहेर. आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या ॲटमबर्गने हे पंखे आपल्याकडे रुजवले आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यामुळे निवडणं सोपं गेलं. इन्व्हर्टरचा हिशोब करून पाहा. १५० एएचच्या बॅटरीवर चार साधे पंखे चार-साडेचार तास, हे दहा-अकरा तास. म्हणजे रात्र निघते. व्होल्टेज पडलं तरी ते बऱ्यापैकी फिरतात. खोल्यांना १२०० मिलिमीटरची पाती, हॉल लांबट आहे म्हणून दोन हुक. पाती जमिनीपासून आठ फूट.

वायर कॅट सिक्स, पण शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते. तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. विजेचा पाइप वेगळा, नेटचा वेगळा, दोघांत फूटभर अंतर, आणि जिथे एकमेकांना ओलांडावं लागतं तिथे काटकोनात.

आणि प्रत्येक खोलीत एक जादा पाइप, रिकामा. त्यात फक्त नायलॉनची दोरी ओढून ठेवली आहे. वीस वर्षांनी कुठली वायर येईल हे कुणी सांगावं? जी येईल ती त्या दोरीला बांधून ओढून घ्यायची, खिडकीला पाचवं भोक नको. अण्णांनी हा रिकामा पाइप पाहिला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग माझ्या खोलीत पण एक घाल."

घातला आहे. पुढच्या आठवड्यात प्लास्टर.

असो. तुमच्या घरी पहिला पंखा कोणत्या वर्षी आला? जुन्या मंडळींना विचारून नक्की कळवा.