‘वांझ’ शब्द आणि अंडवाहिनी

अलिबागकर आंग्रे घराण्यातील दुसरा राघोजी इ. स. १८३८ मध्ये निवर्तला. त्याच्या पश्चात जन्मलेला पुत्र अल्पवयातच वारला. दत्तकाची विनंती इंग्रजांनी अमान्य केली आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झाले. जेथे राज्याचे भवितव्यही स्त्रीच्या कुशीवर अवलंबून असे, तेथे ‘कूस उजवणे’ हा केवळ वाक्प्रचार नव्हता. ज्या स्त्रीची कूस उजवली नाही, तिला समाजाने ‘वांझ’ म्हटले. संस्कृत ‘वन्ध्या’, प्राकृत ‘वंझा’ या परंपरेतून आलेला हा शब्द सारा दोष स्त्रीवर ठेवतो.

त्याच दशकात, १८३४ मध्ये, युरोपातील ब्रेस्लाउ येथे पुर्किन्ये व व्हॅलेंटिन यांना सशाच्या अंडवाहिनीत सतत हलणारी सूक्ष्म रोमके आढळली. स्त्रीच्या अंडवाहिनीतही अशी रोमके असून ती व नलिकेचे स्नायू मिळून बीज गर्भाशयाकडे नेतात. जंतुसंसर्गाने रोमकयुक्त पेशींची हानी झाल्यास गर्भधारणेस अडथळा येऊ शकतो, क्वचित गर्भ नलिकेतच रुजतो. शिवाय अपत्यहीनतेचे कारण पुरुषातही असू शकते. तेव्हा ‘वांझ’ हे निदान नव्हे; तो शब्दरूपाने उरलेला ठपका होय.